सहाव्या ताटावरचं फूल

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी हातातला चहा आधी खाली ठेवतो आणि मगच बोलतो. तेहतीस वर्षं खाकी घातली. दरोडे पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या. चोरीला गेलेली एक म्हैस स्वतः चालत ठाण्याच्या आवारात आली आणि तिच्यामागोमाग दोरी धरून चोर, हेही पाहिलं. (खोटं वाटत असेल तर वाटू द्या. म्हैस आज असती तर तिनं साक्ष दिली असती.) पण जीभ टाळूला चिकटते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला एका मातीच्या ताटानं दाखवलं.

नावं कुणाचीच घेत नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यांतल्या एका बाईसमोर मान वर करायला मला आजही जड जातं.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आठवड्याचे पाच दिवस बांधावरून भांडणं आणि शनिवार-रविवार पानशेतला येणारी पुण्याची गर्दी, असं आमचं पंचांग ठरलेलं. माझा आवाज तेव्हा असा होता की धरणाच्या भिंतीवरून एका मोटारसायकलवाल्याला "थांब" म्हणालो, तर पलीकडच्या काठावरच्या तीन गाड्या थांबल्या.

एका मंगळवारी सकाळची हजेरी चालू होती. सत्तरीला आलेले एक गृहस्थ आत आले. पुण्यात राहणारे निवृत्त इंजिनिअर, पानशेतजवळ त्यांचा बंगला. त्यांनी शालीत गुंडाळलेली एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली आणि बाळाला उघडावं तशी शाल उघडली. आत एक पांढरं ताट, त्यावर लालभडक गुलाब.

"माझं ताट चोरीला गेलंय," ते म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"हे ते ताट नाही."

"मग हे कुणाचं?"

"चोराचं."

मी ठाणे अंमलदाराकडे पाहिलं. त्यानं पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरायचा थांबला, अशी माझी आठवण आहे.

हळूहळू उलगडा झाला. गृहस्थांचे सासरे पाँडिचेरीला नोकरीत होते. तिथल्या एका फ्रेंच कुटुंबाकडून त्यांना सहा ताटं मिळाली, ती त्यांनी मुलीच्या लग्नात दिली. फ्रान्समधली, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची, साध्या मातीची. मातीवर कथिलाच्या पांढऱ्याशुभ्र झिलईचा थर आणि त्यावर हातानं केलेलं रंगकाम. बंगल्याच्या जेवणघरात ती सहा ताटं रांगेनं टांगलेली. सहाव्या ताटावर गुलाबी गुलाब होता आणि तो त्यांच्या पत्नीचा जीव की प्राण. पत्नी वारून चार वर्षं झाली होती.

"रविवारी एक नातेवाईक जेवायला आल्या. जुन्या वस्तूंतलं त्यांना कळतं. त्यांनी फुलावर नख लावलं, तर रंग नखाला आला! हा ऑइलपेंट आहे हो. माझं ताट नेऊन कुणीतरी नकली टांगलंय." एवढं बोलून त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. किंमत मी विचारली नाही. डोळे भरलेल्या माणसाला किंमत विचारू नये, हे मला तेवढं कळत होतं.

"बंगल्याची किल्ली कुणाकडे असते?"

"मावशींकडे. पण..." ते अडखळले. "पण दुसऱ्या कुणाकडेच नसते."

मावशी म्हणजे मार्गासनीजवळच्या वाडीवरची एक विधवा बाई. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, बोलणं बेतानं. धरणाच्या कडेच्या अकरा बंगल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. झाडलोट तिची, पाहुण्यांचा स्वयंपाक तिचा, पाण्याची मोटर चालू-बंद करणं तिचं. शेत नाही, मागं कुणी नाही. विश्वास हेच तिचं पोटापाण्याचं साधन. आणि तिच्यावरच संशय.

बंगल्यावर पंचनामा केला. कडी-कोयंडा शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. भिंतीवर पाच ताटं आणि एक रिकामा खिळा. पाचही ताटं अशी लखलखत होती की मी त्यांत बघून मिशीला पीळ दिला. माझ्या हवालदारानं मात्र टेबलावरच्या गुलाबाच्या ताटावरून नजर काढली नाही. या हवालदाराची स्मरणशक्ती म्हणजे काय सांगावं! एकदा पाहिलेली शेळी तो वर्षानं कळपातून चेहऱ्यावरून ओळखायचा.

"साहेब, हे फूल मी बघितलंय."

"कुठं?"

"दुधाच्या टेम्पोच्या मागं. भोरच्या रस्त्याला. खाली 'पुन्हा भेटू' लिहिलेलं असतंय."

त्याच दुपारी मार्गासनीच्या एसटी थांब्यावरचा चहावाला भेटायला आला. आमचा जुना खबऱ्या. उद्या घडणारी गोष्ट त्याला आज कळायची, फक्त तारखेत चूक व्हायची.

"सायेब, ती बंगल्यावाली आक्का हाय न्हवं, ती दिवाळीच्या तोंडावर भोरला गेल्ती. लुगड्यात ताट गुंडाळून. म्या इचारलं, काय गं आक्का, सोन्याचं हाय का? तर म्हणली, सोन्यापरीस जड हाय बाबा. आन डोळं पुसलं."

"परत आली तेव्हा?"

"तवा बी ताट हुतंच की. उरापाशी धरलेलं."

ताट घेऊन गेली, ताट घेऊन आली. माझ्या डोक्यात गणित जुळलं: असली नेलं, नकली आणलं. दोन दिवसांत गुन्हा उघड! वरिष्ठांच्या शाबासकीचे शब्द मला ऐकूसुद्धा यायला लागले.

भोरच्या ठाण्याला कळवून आम्ही टेम्पोवर चित्रं काढणाऱ्या पेंटरकडे गेलो. साठीचे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. समोर एका टेम्पोच्या फाळक्यावर मोराचा पिसारा अर्धा झाला होता. मी ताट पुढं केलं.

"ह्ये आमचंच काम," चाचा म्हणाले. लपवाछपवी काहीच नाही. "बाई आल्ती. ताट पांढरं, कोरं. म्हणली, हितं गुलाब हुता, तसाच काढून द्या. म्या म्हणलं, बाई, माझ्याकडं गुलाब एकच. टेम्पोला त्योच, रिक्षाला त्योच, लग्नाच्या कमानीला बी त्योच."

"पैसे किती दिले?"

"पैसं कुठलं? पिशवीभर इंद्रायणी दिला. भात मातुर असा झाला सायेब, शेजारी वासानं जेवलं."

चाचांचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. "हितं गुलाब हुता" हे शब्द माझ्याच अक्षरात माझ्याच कागदावर उतरले. आणि मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीला ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली, पाणी दिलं, सगळं कायद्याप्रमाणे. मग मी माझा तो प्रसिद्ध आवाज काढला.

"खरं ताट कुठंय?"

"ह्येच त्ये ताट, सायेब."

"हे नकली आहे. पेंटरनं कबूल केलंय."

"फूल त्येंनी काढलं. ताट त्येच हाय."

"कोरं ताट कुठून आणलंस?"

"कुठनं बी न्हाई आनलं. ताट त्येच हाय."

"कुणाला विकलंस? नाव सांग."

"कुनाला न्हाई."

मी टेबलावर हात आपटला. शाईची बाटली उडाली, कोठडीतला एक दारुडा झोपेतून उठून "मी केली चोरी" म्हणाला. बाई मात्र हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडातून तेच तीन शब्द. मी मनात म्हटलं, ही पोहोचलेली आहे.

इकडे बातमी धरणाच्या काठानं पसरली होती. बंगलेवाले एकेक करून फोन करू लागले, काही गाडी घेऊनच आले. ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या मावशीकडून किल्ल्या परत घेऊ लागले. "तसं काही नाही मावशी, फक्त थोडे दिवस," असं म्हणत. ती प्रत्येकाची किल्ली जुडग्यातून काढून पदरानं पुसून द्यायची. अकरांपैकी सात गेल्या. त्या सात वेळा मी खिडकीतून पाहिल्या. तपास अधिकाऱ्यानं खिडकीत उभं राहू नये.

संध्याकाळच्या आत अटकेचे कागद तयार करायचे ठरले. तुलनेसाठी तिच्या बोटांचे ठसे घ्यायला मी सांगितलं. ठसे घेणाऱ्या शिपायानं तिचा अंगठा शाईवर फिरवला, कागदावर टेकवला, आणि कागद माझ्यापुढे आणला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

कागदावर काळा गोळा. एकही रेष नाही.

दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही बोटं. नुसते काळे गोळे! वर्तुळ नाही, शंख नाही, चक्र नाही. तोवरच्या सगळ्या नोकरीत मी असं पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, की मोठ्या शहरांतले अट्टल गुन्हेगार बोटं जाळून ठसे घालवतात. मार्गासनीच्या वाडीवर एवढी मोठी असामी राहते आणि मी तिला पाणी दिलं!

"ठसे कुठं गेले तुझे?" माझा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

ती स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. तिलाही ते नवीनच होतं.

महिला हवालदार मात्र उठली आणि बाईचे हात तिनं स्वतःच्या हातांत घेतले. ती उत्रोलीच्या भात करणाऱ्या घरातली. "साहेब," ती म्हणाली, "हे भांडी घासणाऱ्या बाईचे हात आहेत. माझ्या आईचे असेच होते. मावशी, कशानं घासता भांडी?"

"चिच्चा आन तुसाची राख."

तूस म्हणजे भाताचं वरचं टरफल. भातगिरणीबाहेर त्याचे ढीग पडतात. ते जाळून जी राख होते ती अशी चरचरीत, की तांब्याचा काळाठिक्कर हंडा तिनं आरशासारखा होतो. आमच्याकडं घरातलं सगळ्यात मानाचं भांडं आधी चिंच लावून ठेवतात आणि मग त्या राखेनं घासतात.

"आणि ती भिंतीवरची ताटं?" महिला हवालदारानं विचारलं.

मावशीनं तोंडाला पदर लावला. इतका वेळ गळणारं पाणी आता हुंदका होऊन आलं.

"बाईसायेब गेल्यावर त्येंच्या ताटांकडं कोन बघनार? त्या मऊ फडक्यानं पुसायच्या, मला हात लावू देत नव्हत्या. त्या गेल्या, म्या म्हणलं, आता आपुनच करायचं. दर शनवारी चिच्चा लावून, राखंनं घासून लावत हुते. देवाच्या भांड्यागत. फूल फिकं व्हत गेलं. म्या म्हणलं, अजून मळ असंल, म्हनून अजून घासलं. एक दिस फूलच न्हाई, सायेब!"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"चोर म्हना, तुरुंगात घाला. पर त्या माऊलीचं फूल म्या पुसलं, ह्ये बंगल्यावरच्या सायबास्नी सांगायला त्वांड न्हाई मला."

मग मी पोलीस असल्यासारखा बोललो. "पटत नाही. सहाही ताटं तिनंच घासली, त्याच राखेनं. मग पाचांवरची चित्रं जशीच्या तशी आणि सहाव्यावरचंच फूल कसं गेलं? राख काय फूल बघून घासते?"

फिर्यादींनाही, म्हणजे त्या इंजिनिअर गृहस्थांनाही, तेच वाटलं. पण त्यांनी पुण्याहून एका जाणकार बाईंना बोलावलं. मातीकाम शिकवून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या, उंचीनं माझ्या कमरेइतक्या, आणि हातात भिंग. पंचांसमक्ष त्यांनी आधी भिंतीवरची पाच ताटं पाहिली. अर्ध्या तासानं वळल्या.

"ही इतकी स्वच्छ कुणी ठेवली?"

मावशी दाराच्या आड सरकली.

मग बाईंनी आम्हा सगळ्यांची शाळा घेतली. पहिल्या ताटावर निळी डोंगर-झाडं: तेव्हा फ्रान्सच्या कुंभारांना चिनी भांड्यांचं वेड लागलेलं, ही त्यांची नक्कल. दुसरं सगळं गर्द निळं आणि त्यावर पांढरे पक्षी. तिसऱ्याच्या काठाला लेससारखी नक्षी, मधोमध रांगोळीचं कमळ उमलावं तशी आत येणारी. "राजाच्या लढायांसाठी तिथल्या सरदारांची चांदीची ताटं वितळवली गेली," बाई म्हणाल्या, "मग तेच सरदार मातीच्या ताटांत जेवू लागले. साहजिकच मातीला चांदीचा तोरा आणावा लागला." चौथ्यावर माकडं, वाजंत्री, शेपटीवाले विदूषक. पाचव्यावर पिवळी-हिरवी फुलं.

"आता नीट ऐका. या पाचांवर कुठं गुलाबी दिसतो का?"

आम्ही पाहिलं. निळा, पिवळा, हिरवा, जांभळट. गुलाबी नाही.

"ही ताटं रंगवायची पद्धत अशी: झिलईची पूड ताटावर कच्ची असतानाच त्यावर चित्र काढायचं. पीठ भुरभुरलेल्या पोळपाटावर कुंचला फिरवल्यासारखं. रेघ चुकली की चुकली, पुसता येत नाही. मग ताट प्रचंड आचेच्या भट्टीत. झिलई वितळते आणि रंग तिच्या पोटात जातो. पण ती आच सोसणारे रंग मोजकेच. पुढं लोकांना गुलाब हवे झाले, खरे वाटणारे, गुलाबी. तो गुलाबी रंग सोन्यापासून करतात आणि मोठ्या आचेत तो जळून जातो. म्हणून कुंभारांनी पद्धतच बदलली. ताट आधी पक्कं भाजून घ्यायचं, मग भाजलेल्या झिलईवर वरून फूल काढायचं आणि मंद आचेवर पुन्हा भाजायचं. फूल सुंदर झालं, पण ते बसलं वरच्या वर."

"म्हणजे पाच ताटांवर गोंदण आहे," महिला हवालदार म्हणाली, "आणि सहाव्यावर मेंदी."

जाणकार बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आपण इतकी वर्षं उगाच लांबण लावत होतो.

"चिंचेचा आंबटपणा आणि वरून तुमची ती राख. गोंदणाचं काय बिघडणार? मेंदी मात्र गेली."

मग त्यांनी टर्पेंटाइननं चाचांचा गुलाब हळूहळू उतरवला. खाली कोरं पांढरं ताट. त्यांनी खोलीचे पडदे ओढायला लावले आणि टॉर्च आडवा धरला, ताटाच्या अगदी कडेला टेकवून.

पांढऱ्यावर पांढरा गुलाब उभा राहिला.

रंग नव्हता. पण जिथं रंग बसला होता तिथली झिलई किंचित निस्तेज राहिली होती. पाकळी न् पाकळी, देठ, एक कळी, पानावरचा एक किडासुद्धा. फिर्यादींनी पाकिटातून पत्नीचा फोटो काढला. जेवणघरात उभी असलेली हसरी बाई, मागं भिंतीवर सहावं ताट. कळी डावीकडं झुकलेली, काठाला छोटा टवका. ताटावर कळी डावीकडं, टवका तिथंच. पंचांपैकी एकानं चप्पल काढली. मी तेहतीस वर्षं पुरावे पाहिले, पण पुरावा बघून माझी जीभ टाळूला चिकटली ती त्या एका वेळी.

ताट तेच होतं. चोर नव्हता. मी जवळपास एका बाईला अटक करून बसलो होतो, गेलेल्या मालकिणीचं ताट फार मनापासून घासलं म्हणून.

'क' समरी पाठवली. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाही घडला नव्हता; गैरसमज झाला होता. किल्ल्यांसाठी मी स्वतः बंगल्या-बंगल्यावर फिरलो. सातांपैकी चार परत मिळाल्या. उरलेल्या तिघांनी चहा पाजला, किल्ली दिली नाही. माझा आवाज तिथं कामी आला नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हेच, की मी फक्त "ताट कुठं गेलं" एवढंच विचारत राहिलो. "फूल कुठं गेलं" हा प्रश्न माझ्या तोंडातून एकदाही निघाला नाही. जे चोरीचं असतं तेच शोधायची सवय लागली, की दुसऱ्या कुठल्या कारणानं नाहीसं झालेलं दिसतच नाही. कागदावर मात्र चाचा आणि मावशी, दोघंही ते सरळ सांगत होते.

शेवटचा जबाब लिहून झाल्यावर मी मावशीला वाचून दाखवला. फिर्यादी शेजारच्या खुर्चीत बसले होते. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"चोरी न्हाई केली, ह्ये लिवलंत," ती म्हणाली. "पन फूल म्या घालवलं, त्ये कुठं लिवलंय?"

"त्याची गरज नाही मावशी. तो गुन्हा नाही."

"तुमच्या वहीत नसंल. लिवा."

मी लिहिलं. तिनं एकेक अक्षर जोडत सही केली. मी कागद उचलणार, तेवढ्यात फिर्यादींनी त्यावर हात ठेवला.

"माझंही एक वाक्य घाला. फूल दोन वर्षं फिकं होत होतं. मी दर महिन्याला त्या भिंतीसमोर बसून जेवलो. पत्नी गेल्यापासून मी त्या भिंतीकडं मान वर करून पाहिलेलंच नाही."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी सही केली.

त्याखाली तिसरी सही माझी आहे. तपास अधिकारी म्हणून केलेली, असं कागदावर दिसतं. कुणी विचारलं तर मी तसंच सांगतो. पण ती करताना माझी मान त्या दोघांइतकीच खाली होती.